लग्नाच्या मांडवातील पेला आणि घरचा हिशेब

नाताळ आटोपला की भस्म बुधवारापर्यंतचे दिवस आपल्या धर्मग्रामांत लग्नसराईचे असतात. चर्चमध्ये विवाहाची जाहीर घोषणा होण्याच्या कितीतरी आधी घराघरांत खर्चाची यादी तयार होऊ लागते. हॉल, जेवण, बँड, कपडे, दागिने, छायाचित्रे या सर्व बाबींवर कुटुंबात उघडपणे चर्चा होते, घासाघीस होते. एका बाबीवर मात्र मोकळेपणाने कोणी बोलत नाही. ती बाब म्हणजे स्वागतसमारंभात वाढल्या जाणाऱ्या मद्याचा खर्च. "ते आम्ही पुरुष मंडळी बघून घेऊ" असे म्हणून तो विषय मिटवला जातो आणि लग्नानंतर आलेले बिल पाहून घरातील सर्वजण गप्प होतात. या विषयावर आता मोकळेपणाने विचार व्हावा असे आम्हांस वाटते. त्यास एक तात्कालिक निमित्तही आहे.

दरवाढीने काय बदलले?

महाराष्ट्र राज्य मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ करण्याचा निर्णय घेतला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर उत्पादनमूल्याच्या तिप्पट आकारले जाणारे शुल्क साडेचारपट करण्यात आले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमतही ठरवून देण्यात आली: देशी मद्य ८० रुपये, धान्यापासून बनणारे 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८ रुपये, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य २०५ रुपये आणि उच्च प्रतीचे विदेशी मद्य ३६० रुपये. या निर्णयामुळे राज्याच्या तिजोरीत वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर पडेल, असा शासनाचा अंदाज होता. बिअर व वाइन यांना या वाढीतून वगळण्यात आले.

हा पैसा शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जाणार हे उघड आहे. आपल्या समाजात लग्नाचा यजमान हा एका रात्रीपुरता सर्वांत मोठा ग्राहक असतो. तेव्हा काही वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या लग्नात जो खर्च कसाबसा पेलला, तोच धाकट्याच्या लग्नात झेपेलच असे नाही. पाहुण्यांची अपेक्षा मात्र तीच राहते, किंबहुना वाढते.

हिशेब कसा मांडावा?

उदाहरणादाखल पाचशे पाहुण्यांचा समारंभ घेऊ. त्यांतील मुले, वृद्ध, औषधोपचार चालू असलेले, वाहन चालवणारे आणि मुळातच न घेणारे वगळले, तर मद्य घेणारे दीडशेच्या आसपास असतील असे समजू. प्रत्येकी तीन पेले ही मर्यादा धरली तर साडेचारशे पेले होतात. त्यांपैकी निम्मे, म्हणजे २२५ पेले, व्हिस्की वा रमचे, १५० बिअरचे, आणि ७५ वाइनचे धरू.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरचे २५ लहान पेग होतात. २२५ पेगांसाठी नऊ बाटल्या पुरतात. ६५० मिलिलिटरच्या बिअरच्या बाटलीचे दोन पेले होतात, म्हणजे ७५ बाटल्या. वाइनच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले, म्हणजे १५ बाटल्या. हिशेब इतका सरळ आहे. आता वाढणाऱ्याच्या हाती मोजमाप न देता त्याने ६० मिलिलिटरचे मोठे पेग भरले, तर पेल्यांची संख्या तीच राहूनही नऊ बाटल्यांच्या अठरा बाटल्या होतात. ३६० रुपयांच्या किमान दराचे प्रमाण धरले तर ७५० मिलिलिटरची बाटली १,५०० रुपयांना पडते. म्हणजे केवळ मोजमाप न ठेवल्याने १३,५०० रुपयांचे २७,००० रुपये झाले. बर्फ, सोडा, काचेचे पेले, वाढपी आणि हॉलवाल्यांचे शुल्क यांची भर निराळीच.

खर्चाइतकीच शरीरात जाणाऱ्या मद्यार्काची मोजणीही महत्त्वाची आहे. व्हिस्कीच्या एका लहान पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्के तीव्रतेच्या 'स्ट्राँग' बिअरच्या एका मोठ्या बाटलीत तो सुमारे ४१ ग्रॅम भरतो. "मी फक्त एक बिअर घेतली" असे म्हणणाऱ्या तरुणाने प्रत्यक्षात चार पेगांइतके मद्य घेतलेले असू शकते. म्हणून बिअर ठेवायचीच असेल तर सौम्य ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही.

या हिशेबात आणखी एक बाब आपण सहसा विसरतो. मद्य न घेणारे साडेतीनशे पाहुणेही आपलेच असतात. दीडशे जणांसाठी हजारो रुपये खर्च होतात आणि साडेतीनशे जणांपुढे रंगीत पाण्याची बाटली ठेवली जाते, हे आतिथ्य नव्हे. लिंबाचे वा कोकमाचे सरबत, पन्हे, शहाळ्याचे पाणी असे दोन पेले प्रत्येकी धरले आणि पेल्याला वीस रुपये मानले, तर १४,००० रुपये लागतात. यादीत ही रक्कम आधी लिहावी आणि मद्याची नंतर, असे आम्ही सुचवू इच्छितो.

कायद्याची चौकट

पैसे वाचवण्यासाठी काही कुटुंबे आडवाटेला जातात. दमण व गोवा येथे मद्य स्वस्त मिळते. म्हणून कोणा ओळखीच्या माणसाच्या गाडीतून खोके मागवले जातात. महाराष्ट्राचा कर न भरता, परवान्याविना परराज्यातील मद्य येथे आणणे हा तुरुंगवासाची तरतूद असलेला गुन्हा आहे, हे ध्यानी घ्यावे. त्याहून भयंकर म्हणजे, बेकायदा मार्गाने आलेल्या बाटलीत काय आहे याची शाश्वती कोणीच देऊ शकत नाही. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली, ही घटना विसरण्याजोगी नाही.

मांडवात किंवा परवाना नसलेल्या हॉलमध्ये मद्य वाढायचे असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. राज्यात व्हिस्की, रम यांसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची, तर बिअरसाठी २१ वर्षांची आहे. म्हणजे कायद्याने मुलगा २१ व्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो. परंतु स्वतःच्याच लग्नात व्हिस्कीचा पेला त्याला आणखी चार वर्षे हाती घेता येत नाही! असे असताना समारंभाच्या मागील बाजूस अठरा-वीस वर्षांची मुले पेले रिकामे करताना दिसतात आणि वडीलधारी मंडळी त्याकडे काणाडोळा करतात. या मुलांच्या हाती पेला यजमानाच्याच पैशाने पोहोचलेला असतो.

समारंभ संपल्यावर पाहुणे घरी कसे जातात, हाही यजमानाच्या काळजीचा विषय असला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबई–अहमदाबाद महामार्ग आपल्या वसई तालुक्यातून जातो. रात्री उशिरा त्यावरून दुचाकीने परतणाऱ्या तरुणाला दंडाहून मोठी किंमत मोजावी लागू शकते. नशेत वाहन चालवून स्वतःचा वा इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध होय, असे कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२९०) शिकवले आहे. मद्याच्या रकमेतील काही भाग कमी करून दोन मिनीबस ठेवल्या, तर तो खर्च अधिक सत्कारणी लागेल.

कानाच्या लग्नाचा दाखला

मद्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास काना गावच्या लग्नाचा दाखला देतो. "प्रभूनेच पाण्याचा द्राक्षारस केला, मग आपण का आखडता हात घ्यावा?" हा प्रश्न थट्टेने विचारला गेला तरी त्याचे उत्तर गांभीर्याने द्यायला हवे.

ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधी पाप म्हटले नाही. तो पवित्र वेदीवर अर्पिला जातो. ती आपल्याला संयम शिकवते. कानाच्या प्रसंगात मात्र आपण माठांकडे पाहतो आणि माणसांकडे पाहायचे विसरतो. तेथे द्राक्षारस संपला होता आणि एका साध्या कुटुंबाची सर्व गावासमोर मानहानी होणार होती. पवित्र मरियेच्या ते ध्यानी आले. प्रभूने आपले पहिले चिन्ह केले ते गाजावाजा न करता, यजमानाची अब्रू राखून. वराला वा त्याच्या पित्याला त्यासाठी कर्ज काढावे लागले नाही.

आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. कमी पडले तर लोक काय म्हणतील, या एकाच भीतीपोटी बाप पतपेढीच्या दारात उभा राहतो आणि आई बांगड्या गहाण ठेवते. कानाच्या लग्नात यजमानाची लाज झाकली गेली. आपल्या प्रथेने मात्र यजमानाला लाजेचा धाक घालून कर्जात लोटले आहे. शेजारच्या लग्नात कोणत्या ब्रँडची बाटली होती आणि आपल्याला किती वाजेपर्यंत मिळाली, याची चर्चा आठवडाभर करणारे आपण सर्वजण या कर्जाला जबाबदार आहोत.

या प्रथेची झळ आणखी एका माणसाला बसते. प्रयत्नपूर्वक दारू सोडलेला एखादा भाऊ, काका वा मित्र प्रत्येक लग्नात येतो. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनसारख्या संस्थांनी आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या गटांनी अशा अनेकांना सावरले आहे. ज्याने वर्षानुवर्षांच्या कष्टाने व एकेका दिवसाच्या निर्धाराने व्यसनावर मात केली, त्याला "आज पोराचं लग्न आहे, एक तरी घे" असा आग्रह करणारा नातलग त्याचे अपार नुकसान करतो. काही घरांतील पत्नी व मुले लग्नाचे आमंत्रण आले की आनंदित न होता धास्तावतात. आपल्या मांडवात त्यांनाही निर्धास्तपणे बसता आले पाहिजे.

मर्यादा सर्वांनी मिळून

एकट्या कुटुंबाने खर्च आवरायचा ठरवला तर त्याच्यावर कंजूषपणाचा शिक्का बसतो. त्यातही मुलीच्या बापाला हे धैर्य दाखवणे अधिक कठीण जाते. म्हणून हा निर्णय धर्मग्रामाच्या पातळीवर व्हावा असे आमचे मत आहे. पाळकीय परिषदेने, महिला मंडळाने आणि युवकांनी एकत्र बसून काही साधे संकेत ठरवता येतील. शुभेच्छेच्या टोस्टसाठी एक पेला वाइन पुरेशी मानावी. ज्यांना अधिक ठेवायचे असेल त्यांनी लहान पेगाचे मोजमाप, ठराविक रक्कम आणि बंद करण्याची ठराविक वेळ पाळावी. जेवणाची पंगत बसली की मद्य थांबावे. बाटल्यांची किल्ली न पिणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे असावी. मद्याची रक्कम खर्चाच्या यादीत पती-पत्नी व मुलांसमोर उघडपणे लिहिली जावी, आणि ती कर्जातून कधीही उभी केली जाऊ नये. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात वधूवरांना घरखर्चाचे धडे दिले जातात. त्यांत स्वतःच्या लग्नाच्या खर्चाचाही समावेश व्हावा. कारण ते कर्ज पुढे त्यांच्याच संसाराला फेडावे लागते.

हे संकेत कोणावर लादावयाचे नाहीत. परंतु त्यांची सुरुवात कोणी करायची याविषयी आमच्या मनात शंका नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी ती करावी. मोलमजुरी करणाऱ्याने साधेपणाने लग्न केले तर त्याची कोणी दखल घेत नाही. डॉक्टर, बिल्डर, परदेशात नोकरी करणारा मुलगा यांनी आपल्या मांडवात एक पेल्याचा टोस्ट आणि भरपूर सरबत ठेवले, तर त्याच आळीतील पुढच्या दहा घरांवरचे ओझे उतरेल. या लग्नसराईत प्रत्येक धर्मग्रामातून असे एक तरी सधन कुटुंब पुढे यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.