खांबांवरची घरे आणि एकच मापपट्टी

उष्ण कटिबंधातील एखाद्या प्रवाळबेटाचे रंगीत छायाचित्र आपण सर्वांनीच पाहिलेले असते. उथळ, हिरवट निळे पाणी, पाण्यातून वर आलेले लाकडी खांब आणि त्या खांबांवर उभी असलेली घरे. छायाचित्राखाली बहुधा ‘पृथ्वीवरील स्वर्ग’ असे शब्द छापलेले असतात. स्वर्गात भौतिकशास्त्राचे नियम चालतात की नाही, हे सांगणे कठीण आहे. या बेटांवर मात्र ते काटेकोरपणे चालतात, आणि पाहुणा कोण व रहिवासी कोण, असा भेद ते करीत नाहीत. तो भेद माणसे करतात. तो कसा केला जातो आणि त्यात काय चुकते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

उदाहरण म्हणून एकच ठिकाण घेऊ. बोर्निओ बेटाच्या उत्तर भागात मलेशियाचे साबाह हे राज्य आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर सेम्पोर्ना नावाचे गाव असून त्याच्यासमोर सेलेबीस समुद्रात लहानमोठी अनेक बेटे विखुरलेली आहेत. त्यांपैकी माबुल हे सुमारे २० हेक्टरांचे बेट विस्तीर्ण प्रवाळभित्तीच्या कडेला वसलेले आहे. जवळचे सिपादान त्याहून लहान. पण ते समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर उंच उठलेल्या, मृत झालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांनी रचलेले बेट आहे. या परिसरात बाजाउ लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांतील काही होड्यांवर संसार करतात, तर काही उथळ पाण्यात खांब रोवून त्यांवर घरे बांधतात.

घर पाण्यात टिकते कसे?

आपल्याला वाटते, की पाण्यातले घर म्हणजे लाटेच्या तोंडी दिलेले घर. पण जरा गणित करून पाहा. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लाट दुप्पट उंच झाली, की ऊर्जा चौपट होते. अशा लाटेसमोर भिंत उभी केली, तर भिंतीला तिचा सगळा मारा सोसावा लागतो. खांबाचे तसे नसते. अडथळ्याची रुंदी तरंगलांबीच्या मानाने फार कमी असली, की तरंग त्याला वळसा घालून पुढे जातो. प्रकाशाच्या विवर्तनाच्या धड्यात आपण हेच शिकतो. काही मीटर लांबीच्या लाटेला मनगटाएवढा खांब जवळजवळ जाणवतच नाही.

जमिनीच्या फळ्यांमध्ये ठेवलेल्या फटींचाही उपयोग असतो. त्यांतून वारा वर येतो आणि घर थंड राहते. खालच्या पाण्याचा विशिष्ट उष्मा मोठा असल्यामुळे ते दिवसा लवकर तापत नाही व रात्री लवकर निवत नाही. पंखा नसलेल्या घराची ही सोय आहे.

तरीही खरा रक्षक खांब नव्हे. तो दूरवर, लाटा फुटतात त्या पांढऱ्या रेषेखाली बसलेला आहे. जगभरच्या अनेक प्रवाळभित्तींवरील मोजमापे एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की प्रवाळभित्ती लाटांची ऊर्जा सरासरी ९७ टक्क्यांनी कमी करते. उरली ३ टक्के. ०.०३ चे वर्गमूळ सुमारे ०.१७ येते, म्हणजे बाहेर दोन मीटर उंचीची लाट आत येईतो साधारण एक वीत-दीड वीत उंचीची उरते. मनगटाएवढ्या खांबांवर संसार मांडण्याची हिंमत या वर्गमुळातून येते. प्रवाळ मेले आणि भित्ती झिजली, तर पहिला तडाखा याच घरांना बसणार आहे.

प्रवाळाचा जमाखर्च

प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. तो लहान लहान प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवालाला आसरा मिळतो आणि प्रकाशसंश्लेषणातून ते यजमानाच्या ऊर्जेची बहुतांश गरज, काही जातींत ९० टक्क्यांपर्यंत, भागवते. म्हणून प्रवाळभित्ती उथळ, स्वच्छ आणि प्रकाशित पाण्यातच वाढते. त्यातही घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढतात. पोहणाऱ्याच्या एका लाथेने तुटणारा तुकडा घडायला, तुमच्या दहावीपर्यंतच्या शिक्षणाला लागतो तेवढा काळ सहज लागलेला असतो.

उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंशाने अधिक तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात असे जागतिक विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्याची घोषणा झाली. हे संकट बेटावरच्या कोणी आणलेले नाही. ते आपल्या सर्वांच्या धुराड्यांतून गेले आहे. याखेरीज जे स्थानिक नुकसान होते, ते कोण किती करतो, हा वादाचा विषय आहे.

दोन्ही बाजूंचा हिशेब

बाजाउ लोकांचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांचे पाणबुडेपण थक्क करणारे आहे, हे खरे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाजवळच्या बाजाउंचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांची प्लीहा शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी मोठी निघाली; जे कधी बुडी मारीत नाहीत, त्या बाजाउंचीसुद्धा! बुडी मारल्यावर प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. हे लोक नळकांडे न घेता ७० मीटरपर्यंत जाऊ शकतात असे सांगतात. तेथे दाब आठ वातावरणांइतका होतो. बॉइलच्या नियमाने छातीतल्या हवेचे आकारमान एक-अष्टमांश उरते.

पण याच समुद्रात स्फोटके टाकून मासे मारण्याचा प्रकारही चालत आला आहे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. स्फोटाची दाबलहर क्षणात पसरते, माशांच्या वाताशया फुटतात आणि खालच्या प्रवाळांचा चुरा होतो. चुऱ्यावर प्रवाळाच्या डिंभांना पाय रोवता येत नाहीत, म्हणून ती जागा वर्षानुवर्षे उजाड राहते. दाट वस्तीचे सांडपाणीही थेट खाली पडते. त्यातली पोषकद्रव्ये मोठ्या शैवालांची बेसुमार वाढ करतात आणि प्रवाळ गुदमरतात.

आता दुसरी बाजू पाहू. पाण्यावरची खोली हे आज पर्यटनाचे एक आकर्षण झाले आहे. १९६७ साली फ्रेंच पॉलिनेशियात हॉटेलसाठी अशा खोल्या बांधण्यात आल्या व ती कल्पना जगभर पसरली. माबुलभोवतीही आज पाहुण्यांसाठी पाण्यावरच्या खोल्या आहेत. एका जुन्या तेलविहीर-मंचाचेसुद्धा निवासस्थान झाले आहे. खांब तेच, पाणी तेच. खोलीत स्नानगृह, वातानुकूलन आणि रोज धुतलेल्या चादरी मात्र अधिक.

या चादरी धुण्यासाठी गोडे पाणी लागते. लहान बेटावर ते कोठून येते? पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगते. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. हिशेब केला, तर समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची १ मीटर उंची असेल, तेव्हा खाली ४० मीटर गोडे पाणी तोललेले असते. उलट, उपसा करून वरची पातळी १० सेंटिमीटर उतरवली, तर खालची खारी सीमा कालांतराने ४ मीटर वर चढते. एक टाकी भरताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही. विहीर खारट झाल्यावर मात्र पाहुणा विमानात बसून परत गेलेला असतो.

सिपादानची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. तेथील पाणबुडी-पर्यटन इतके वाढले, की २००४ साली बेटावरील सर्व निवासस्थाने हलवावी लागली. नंतर रोज १२० जणांनाच प्रवेश देण्याची मर्यादा घालण्यात आली. पुढे ही मर्यादा वाढवली गेली. आणि निवासस्थाने हलवल्यानंतर दोनच वर्षांनी, मे २००६ मध्ये, बांधकामाचे साहित्य घेऊन आलेला एक तराफा बेटाच्या प्रवाळभित्तीवर घासला व तिचा मोठा पट्टा खरवडून निघाला. त्या तराफ्यावर कोणी गरीब कोळी मासे मारत नव्हता.

याच समुद्रातील आठ बेटांचे तुन साकारान सागरी उद्यान २००४ साली घोषित झाले. जून २०२४ मध्ये सेम्पोर्नाच्या बेटांवरील बाजाउ लोकांची अनेक घरे शासनाने पाडली. ५०० हून अधिक माणसे बेघर झाल्याचे स्थानिक कार्यकर्त्यांनी सांगितले. बांधकामे बेकायदा होती आणि सीमेवरील गुन्हेगारी रोखणे आवश्यक होते, असे शासनाचे म्हणणे होते. सुरक्षेचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल २००० मध्ये सिपादानवरून सशस्त्र टोळीने २१ जणांना पळवून नेले होते. पण यांतील पुष्कळ बाजाउंना कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही. कागद नाहीत म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून घर बेकायदा, अशी ही साखळी आहे.

माझे मत

प्रयोगशाळेत आपण एकाच प्रयोगासाठी दोन मापपट्ट्या वापरीत नाही. मोजायची वस्तू कोणाच्या मालकीची आहे, यावर सेंटिमीटर लांब-आखूड होत नाही. संरक्षित समुद्रात कोणाचा खांब राहावा आणि कोणाचा निघावा, हे ठरवतानाही हाच नियम असावा. दर माणशी किती सांडपाणी पाण्यात जाते? गोडे पाणी किती लागते? नांगर कोठे पडतो? किती प्रवाळ तुटतात? हे प्रश्न झोपडीलाही विचारा आणि हॉटेललाही विचारा. उत्तरे प्रसिद्ध करा. मग जे निघायचे ते निघो.

यावर कोणी म्हणेल, की पर्यटनातून पैसा येतो व त्यातूनच पहारा ठेवता येतो. मान्य आहे. पहारा नसता, तर स्फोटके थांबली नसती. पण पैसा हे प्रवाळाच्या नुकसानीचे माप नव्हे. पैसे देणाऱ्याचे सांडपाणी अधिक स्वच्छ असतेच, हे गृहीत धरता येणार नाही. ते तपासावे लागेल. दुसरा कोणी म्हणेल, की रहिवाशांना हात लावूच नये, ते निसर्गाचे लेकरू आहेत. तेही मला पटत नाही. थोड्या घरांचे सांडपाणी भरती-ओहोटीत विरून जाते. दाट वस्तीचे जात नाही. त्यांना शौचालये, शाळा आणि कागदपत्रे हवीत. त्याऐवजी केवळ कौतुक देणे हीदेखील एक प्रकारची फसवणूकच आहे.

हे सारे दूर मलेशियात घडते, असे समजून स्वस्थ बसू नका. आपल्या मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले असून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. कायद्याने त्यांना वाघाइतकेच, पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तेथे पाण्याखालचे जग पाहायला जाल, तेव्हा प्रवाळावर उभे राहू नका, तुकडा उचलू नका, आणि होडीवाल्या काकांना नांगर कोठे टाकता ते आदराने विचारा. तेथल्या रापणकराला जो नियम सांगाल, तो स्वतःच्या सहलीलाही लावा.

शिक्षकांना एक विनंती. परातीत पाणी घेऊन त्यात चिकणमातीच्या गोळ्यांवर चार पेन्सिली उभ्या करा, शेजारी एक पट्टी आडवी उभी करा आणि पाण्यात लाटा काढून दाखवा. दुसऱ्या पेल्यात मिठाच्या पाण्यावर चमच्याच्या पाठीवरून रंगीत गोडे पाणी हलकेच सोडा. ते वर तरंगताना मुलांनी पाहिले, की ते भिंग समजावून देण्यास फळ्यावर फार लिहावे लागणार नाही. नंतर मुलांकडून एक तक्ता करून घ्या: एका बाजूला सहलीला गेलेली आपली शाळा, दुसऱ्या बाजूला त्या गावातले एक कुटुंब. दर माणशी पाणी, कचरा व सांडपाणी यांचे रकाने दोघांनाही तेच ठेवा. तक्ता भरून झाल्यावर चर्चा मुलांवर सोपवा.