कावेरीचा बिननावाचा मासा

गळाला लागलेला मासा पुन्हा नदीत सोडण्यापूर्वी त्याची नोंद करून ठेवायची, अशी शिस्त कर्नाटकात कावेरीकाठच्या एका शिबिरात पाळली जात असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरवर पाहता बातमी आनंदाची होती. गळाला लागणारे महसीर मासे वर्षागणिक वाढत होते! पण ही वाढ होती निळ्या परांच्या महसीरची. कावेरीचा मूळचा रहिवासी, नारिंगी परांचा आणि पाठीवर वशिंड असलेला महसीर, दिसेनासा होत चालला होता.

हा वशिंडवाला काही लहानसहान मासा नव्हे. १९४६ मध्ये कबिनी नदीत, म्हणजे कावेरीच्याच उपनदीत, असा एक मासा पकडला गेला. त्याचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले. इतका नावाजलेला मासा, पण शास्त्राच्या दप्तरात त्याला स्वतःचे नाव नव्हते. महसीर म्हणजे महसीर, एवढ्यावरच सगळ्यांचे समाधान!

मग निळ्या परांचा पाहुणा आला कुठून? त्याचे घर पुण्याकडे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे वर्णन केले आणि 'खुद्री' हे नाव शास्त्रात रूढ झाले. पुढे लोणावळ्याला टाटांच्या वळवण येथील केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. महसीर घटत चाललेले असताना हे काम कौतुकाचेच होते. तिथली बोटुकली अनेक राज्यांत गेली आणि कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता. फक्त नदी दुसरी होती.

मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते, कावेरीला नाही. गोड्या पाण्यातला मासा डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जात नाही. त्यामुळे एकमेकांसारखे दिसणारे मासेही खोऱ्याखोऱ्यांत हजारो पिढ्या वेगळे वाढतात. हा वेगळेपणा डोळ्यांना दिसेलच असे नाही. तो जनुकांत असतो आणि पराचा छोटासा तुकडा तपासला तरी कळतो. मासा जिवंतच राहतो.

कावेरीच्या बाबतीत हे २०१८ मध्ये घडले. केरळात पांबार या कावेरीच्याच उपनदीतल्या लहान नमुन्यांवरून २००७ मध्ये एका महसीरचे वर्णन झाले होते. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ त्याला 'टॉर रेमादेवी' म्हटले गेले. वशिंडवाला अजस्र मासा आणि ही चिमुकली एकाच जातीची, हे जनुकांच्या तुलनेतून सिद्ध झाले. नाव मिळाले आणि त्याच वर्षी हा मासा जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदलाही गेला.

दोष एकट्या पाहुण्याचा नाही. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनीही नदी पोखरली आहे. पण 'महसीर भरपूर आहेत' या एका वाक्याआड एक जात संपत आली, हे कुणाच्या लक्षात आले नाही. आता तमिळनाडूतल्या मोयारसारख्या, जंगलातून वाहणाऱ्या उपनदीत वशिंडवाला तग धरून आहे. त्याची पैदास करायची झाली, तर आईबाप तिथूनच आणावे लागतील.