पाम आणि पामर

शिक्रापूरला आम्ही घर घेतलं त्याच्या रंगीत माहितीपत्रकात घरापुढे पामची झाडं होती आणि पामांच्या मागे समुद्र होता. समुद्राचं आम्ही समजून घेतलं. शिरूर तालुक्यात बिल्डरकडे समुद्र मागणं बरं दिसत नाही. शिवाय चाकण फाट्यावर संध्याकाळी ट्रकांची जी भरती येते ती पाहिली की समुद्राची हौस आपोआप भागते. पण पाम मात्र पाहिजेच, असं आमच्या हिचं मत पडलं आणि मी आज्ञाधारकपणे हमरस्त्यावरच्या एका नर्सरीत गेलो.

"रॉयल पाम घ्या साहेब. थंडी म्हणू नका, ऊन म्हणू नका, कशालाही दाद देत नाही," नर्सरीवाला म्हणाला.

हे शेवटचं विधान अक्षरशः खरं ठरलं. मी शेणखत घातलं, दाद दिली नाही. पाणी घातलं, दाद दिली नाही. डिसेंबरात माळावरचा पारा आठ-नऊ अंशांवर उतरला तेव्हा मी त्याला जुनं धोतर गुंडाळलं (सकाळी दूधवाला ते पाहून दचकला), तरी दाद नाही. मार्चमध्ये मधलं कोवळं पान वाळून हातात आलं. पामच्या झाडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेलं, हे मला तेव्हा कळलं. कोंबात भोक होतं आणि भोकात गेंड्या भुंगा होता. हा भुंगा शेणखताच्या ढिगात वाढतो. म्हणजे खाणारा आणि खाद्य, दोघांनाही मीच प्रेमानं पोसलं होतं.

एकाच्या मरणावरून माणूस भांडायला उठत नाही. पण मी फेरफटका मारला तेव्हा आमच्या गल्लीतले बहुतेक पाम कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसले. त्याचं कारणही साधं आहे. रॉयल पाम हा क्यूबाचा राष्ट्रीय वृक्ष. बॉटल पाम मॉरिशसजवळच्या एका चिमुकल्या बेटावरचा. अरेका मादागास्करचा. सगळी जन्माची दमट हवेतली मंडळी. त्यांना आम्ही आणलं चुनखडीच्या जमिनीत, पाजलं बोअरचं जड पाणी, आणि वर म्हणतो, "नीट वाढत का नाही?" चुनखडीच्या जमिनीत मँगनीज असलं तरी मुळांच्या हाती लागत नाही, आणि पानं पिवळी पडून आखडतात. (गेटपाशी जो ठेंगणा, ऐटदार 'पाम' लावला आहे तो तर सायकस आहे. तो पामच्या भावकीतलासुद्धा नाही. पण त्याची पाटी इतकी सुंदर आहे की मी अद्याप बोललो नाही.)

मग थंडीला टिकणारा पाम आणावा, अशी सूचना आली. आमच्या बैठकीत एका गृहस्थांनी कुमाऊंच्या डोंगरातल्या एका पामची माहिती वाचून दाखवली. थाल केदारच्या बाजूला दोन हजार मीटरच्या वर हा बर्फ अंगावर घेऊन उभा असतो म्हणे. मी अदबीनं विचारलं, "आणि मे महिन्यात काय करतो?" कारण आमची अडचण नुसती थंडी नाही. पुण्याच्या वेधशाळेत जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात तो चाळिशी ओलांडतो. आपल्याला पाहिजे तो पाम पहाटे कुडकुडणारा, दुपारी भाजणारा, चुनखडी पचवणारा आणि टँकर आला नाही तरी न रुसणारा. असा पाम जगात कुठे मिळेल?

असा पाम आमच्या कुंपणाच्या मागे ओढ्यावर उभा आहे. त्याचं नाव शिंदी.

शिंदीचं नाव काढताच बैठकीत जी शांतता पसरली ती दुखवट्याच्या सभेत शोभली असती. ताडाखाली बसून ताक प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, तशी ही बिचारी जन्माची बदनाम. तिचा रस पहाटे काढला तर नीरा, आणि उन्हं चढेपर्यंत ठेवला तर शिंदी. यात झाडाची चूक काय? आंबायचं काम हवेतल्या यीस्टचं, प्यायचं काम माणसाचं, आणि नाव मात्र झाडाचं! सरकारनंही १९४९ च्या दारूबंदी कायद्यात ताडी देणाऱ्या झाडांवर लक्ष ठेवलं आहे. परवान्याशिवाय त्यांना छेद देता येत नाही. क्यूबाच्या पाहुण्याच्या वाट्याला एवढा मान कधी आला नाही.

आणि ज्या घरात शिंदीचं नाव चालत नाही त्याच घरात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केरसुणीला हळदकुंकू वाहतात. ती केरसुणी कशाची असते? शिंदीच्या पानांची. म्हणजे लक्ष्मी म्हणून घरात चालेल, झाड म्हणून दारात चालणार नाही.

गैरसमज नको, परदेशी म्हणून मी कुणावर दात धरत नाही. मिरची परदेशी, बटाटा परदेशी, दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा, सीताफळ अमेरिकेतलं. पण ही मंडळी इथे आली आणि कामाला लागली. मिरचीनं ठेच्यात नाव काढलं. रॉयल पामनं काय केलं? सावली नाही, फळ नाही, आणि पान पडलं तर मोटारीच्या टपावर. खाली कार्पेट लॉन अंथरायची, म्हणजे त्यालाही वेगळं पाणी. शिंदीच्या बुंध्याशी मी गवती चहा, कोरफड आणि थोडी अबोली लावली आहे, आणि तिघींची आजवर एक तक्रार नाही.

शिंदीला काटे आहेत, हे मान्य. तेच सुगरण पक्ष्याला पाहिजे असतात. पावसाळ्यात ओढ्यावरच्या झावळ्यांना खोपे लटकतात. नर तिच्याच पानांच्या दोऱ्या फाडून विणतो, आणि मादी येऊन तपासते. नापसंत पडला तर बिचारा दुसरा विणायला घेतो. आमच्या हिला हे दृश्य फार आवडतं. पावसाच्या तोंडावर फळं पिकतात. गर जेमतेम, बी मोठी, पण शाळेतली पोरं दगड मारायची थांबत नाहीत.

एवढं सगळं सांगण्याचं कारण असं, की याच झाडावर चुन्यानं आकडा पडला आहे. ओढ्याकडची भिंत सरळ करायची आणि भिंतीला लागून बारा पाम लावायचे, असा ठराव आहे. बारा नवे पाम लावण्यासाठी एक जुना पाम तोडायचा! मी विरोध नोंदवला. इतिवृत्तात "एका सभासदांनी वनस्पतींविषयी माहिती दिली" एवढंच आलं.

मग मला फ्लोरिडातल्या भाच्याची आठवण झाली. त्याच्या घरासमोरच्या रस्त्याला दुतर्फा डौलदार झाडं आहेत. तिथे त्यांना 'सिल्व्हेस्टर पाम' म्हणतात आणि एकेका झाडाचे डॉलर ऐकून आपला जीव दडपतो. शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. फिनिक्स म्हणजे खजूर, सिल्व्हेस्ट्रिस म्हणजे रानटी. थोडक्यात, शिंदी. तीच ती, आमच्या ओढ्यावरची.

परवा माझ्या मेलेल्या रॉयल पामच्या खड्ड्यात मी बी रुजवून केलेलं वीतभर रोप लावत होतो, तर सेक्रेटरी वाकून बघू लागले.

"हे काय?"

"सिल्व्हेस्टर पाम. फ्लोरिडात रस्तोरस्ती लावतात." मी भाच्यानं पाठवलेला फोटो मोबाइलवर दाखवला.

त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. चेहऱ्यावर माहितीपत्रकातला समुद्र पसरला. "वा! थंडीला टिकेल?"

"१९३५ ची थंडी याच्या आजोबांनी काढली आहे."

"मग भिंतीला बारा मिळतील का हो?"

"मिळतील. पण बी धरायचं मूळ झाड राखावं लागेल."

"कुठे आहे ते?"

मी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. ते बराच वेळ त्या चुन्याच्या आकड्याकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "पुढच्या बैठकीत विषय घेऊ. पण शिंदी हा शब्द तेवढा काढू नका."