आधी एक पावसाळा, मग इंटेरियर



आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न वरचेवर येतो. प्रश्न धंद्याचा नसतो, पण धंद्याला धक्का देणारा असतो. "सर, फ्लॅटचा ताबा मिळतोय. इंटेरियरवाल्याने साडेसात लाखांचं पॅकेज दिलंय. पंचेचाळीस दिवसांत सगळं तयार म्हणतोय. ॲडव्हान्स देऊन टाकू का?"

माझं मत स्पष्ट आहे. नका देऊ. आधी त्या घरात एक पावसाळा काढा, मग इंटेरियरचं बघा. हे मत सगळ्यांना पटत नाही, घरच्यांना तर अजिबात पटत नाही. म्हणून कारणं एकेक करून सांगतो.

कारण पहिलं: भिंत अजून बोललेली नाही

नवीन इमारतीच्या प्लास्टरमध्ये, काँक्रीटमध्ये पाण्याचा अंश असतो. तो सुकायला वेळ लागतो. सुकताना बारीक तडे जातात, रंगाला फुगे येतात. आणि बाहेरची भिंत पाणी घेते की नाही, खिडकीच्या चौकटीतून पाणी आत येतं की नाही, हे पाऊस पडल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे पावसाचा मारा बहुतेक पश्चिम आणि नैऋत्येकडून असतो. त्या बाजूच्या भिंतीला तुम्ही मार्चमध्ये मजल्यापासून छतापर्यंत कपाट चिकटवलंत, तर जुलैमध्ये ओल कपाटाच्या मागे असेल. तुम्हाला ती दिसणारच नाही. दिसेल तेव्हा प्लायला बुरशी लागलेली असेल आणि कपड्यांना वास येत असेल.

फॉल्स सीलिंगचंही तेच. वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी झिरपत असेल, तर उघड्या छतावर आठ दिवसांत डाग दिसतो. सीलिंगच्या वर कित्येक महिने कळत नाही.

कारण दुसरं: बिल्डरची जबाबदारी तुम्ही स्वतःच्या अंगावर घेता

२०१६ च्या रेरा कायद्यात कलम १४ (३) आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या ढाच्यात, कामाच्या दर्जात किंवा दिलेल्या सोयींमध्ये दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांच्या आत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही केला तर तुम्ही भरपाई मागू शकता, महारेराकडे तक्रार करू शकता.

आता विचार करा. तुम्ही पहिल्याच महिन्यात टाइल्स फोडल्या, भिंतीत खाचा मारल्या, बाथरूमचे नळ बदलले. मग गळती निघाली. समोरचा काय म्हणणार? "साहेब, तुमच्या मिस्त्रीने फोडाफोड केली, त्यामुळे झालं." भांडण तिथेच सुरू होतं आणि पुरावा तुमच्या बाजूने राहत नाही.

म्हणून ताबा घेताना पहिली खरेदी वही-पेनाची. दोष शोधायला महागडं यंत्र लागत नाही:

- बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. पंधरा मिनिटांनी कुठे साचून राहिलंय ते बघा. उतार जाळीकडे हवा.
- टाइल्सवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज येईल तिथे खाली माल नीट भरलेला नाही.
- प्रत्येक सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा.
- मेन बोर्डात आरसीसीबी असते, तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण दाबा. लगेच ट्रिप झाली पाहिजे. एमसीबी जादा लोड आणि शॉर्ट सर्किटपासून वायरिंग वाचवते. विजेच्या धक्क्यापासून माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं.
- दारं-खिडक्या दहा वेळा उघड-बंद करा. सगळे नळ एकदम सोडून बघा.

जे सापडेल त्याचे फोटो काढा, तारीख टाका आणि बिल्डरला ईमेल करा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आपण गिऱ्हाइकाकडून ऑर्डर लेखी घेतो ना? तोच नियम इथे.

कारण तिसरं: खेळतं भांडवल

हे कारण आपल्यासारख्या धंदेवाल्यांसाठी सगळ्यात मोठं. नोकरदार माणूस इंटेरियरसाठी साठवलेले पैसे वापरतो किंवा कर्ज काढतो. दुकानदार काय करतो? गल्ल्यातून काढतो. "या सीझनला माल थोडा कमी भरू" म्हणतो.

समजा, तुमचे ५ लाख मालात फिरतात. वर्षातून ६ वेळा माल फिरतो आणि दर फेरीला १० टक्के सुटतात. म्हणजे एका फेरीला ५० हजार, वर्षाला ३ लाख. ते ५ लाख तुम्ही भिंतीला लावलेत, तर इंटेरियर तुम्हाला ५ लाखांना नाही पडलं. पहिल्याच वर्षी ते ८ लाखांना पडलं. शिवाय उधारीवर माल घ्यावा लागला तर भाव पाडून मागण्याची ताकद गेली, ती वेगळीच. कपाट विकून सीझनचा माल भरता येत नाही, मित्रांनो.

घराचा हप्ता सुरू झालेला असतो, नोंदणी आणि मुद्रांक शुल्क भरून झालेलं असतं. हात सगळ्यात तंग असतो तो नेमका याच महिन्यांत. आणि पॅकेज विकणारा नेमका याच महिन्यांत येतो, कारण घर नवीन, उत्साह नवीन.

मग लगेच काय करायचं?

पावसाळा काढा म्हणजे उघड्या घरात राहा, असं माझं म्हणणं नाही. जी कामं धूळ करतात आणि ज्यांच्याशिवाय राहता येत नाही, ती सामान हलवायच्या आधी उरका. सेफ्टी डोअर, ग्रील, मच्छरजाळ्या, पंखे-दिवे, किचनच्या ट्रॉल्या, वॉशिंग मशिन आणि फ्रिजसाठी विजेचे पॉइंट. एवढंच. कपाट जुनं आणा, पलंग जुना आणा.

किचनच्या कामात एक गोष्ट पक्की ठेवा. सिंकखालच्या प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लायचा मानक क्रमांक आहे. बाकी दिखाव्यावर थोडं कमी चाललं तरी चालेल, पाण्याजवळ नाही.

हत्यारं: वापर बघून घ्या, ऑफर बघून नको

नवीन घर घेतलं की ऑनलाइन १०० तुकड्यांची पेटी मागवायचा मोह होतो. त्यातले नव्वद तुकडे पेटीतच म्हातारे होतात. माझा नियम साधा आहे: महिन्याला लागतं ते विकत घ्या, वर्षाला लागतं ते भाड्याने आणा किंवा मागून घ्या.

महिन्याला लागणारी यादी छोटी आहे. ५ मीटरची मेजर टेप, चपटा आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ॲडजस्टेबल पाना, हातोडी, लेव्हल पट्टी, टेस्टर, टेफ्लॉन टेप, टॉर्च आणि एक मजबूत शिडी. खुर्चीवर स्टूल ठेवून पंखा पुसणं बंद करा. त्या घसरण्याचा दवाखान्याचा खर्च शिडीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त येतो.

ड्रिल मशिन घ्यायचीच असेल तर १३ मिमी चकची साधी इम्पॅक्ट ड्रिल घरकामाला पुरते. पण भोक पाडण्याआधी भिंत ओळखा. लाल भुकटी आली तर वीट. पांढरट, हलकी भुकटी आली तर एएसी ब्लॉक. तिथे हॅमर मोड बंद ठेवायचा आणि साधे रावळ प्लग न लावता त्या ब्लॉकसाठीचे लांब प्लग लावायचे, नाहीतर गिझर लटकतो. भोक पुढेच सरकत नसेल तर काँक्रीट. पुण्या-ठाण्याकडच्या बऱ्याच नवीन टॉवरमध्ये मिवान पद्धतीच्या भिंती असतात, त्या पूर्ण काँक्रीटच्या. तिथे रोटरी हॅमर लागतो, तो भाड्याने आणा. अशा भिंतींत वायरिंगसाठी खाचा मारायच्या नाहीत, कारण त्या भिंतींवर इमारत उभी आहे. आणि कुठलीही भिंत असो, स्विच बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

नळाचा वॉशर, दाराची बिजागरी, फोटो-घड्याळ टांगणं, हे स्वतः करा. वायरिंग, गॅस आणि वॉटरप्रूफिंग यांना हात लावू नका. तिथे पैसे वाचवणं म्हणजे काटकसर नाही.

"पण सर, दोनदा खर्च होतो"

हा आक्षेप खरा आहे. सुतार दोनदा बोलवावा लागतो, राहत्या घरात धूळ होते, बायको-मुलांना त्रास होतो. वर्षभरात प्लायचा भावही वाढू शकतो. हे मी नाकारत नाही. भाडं आणि हप्ता दोन्ही चालू असेल तर लवकर राहायला जाणंच बरोबर, आणि त्यासाठी वर सांगितलेली कामं पुरतात.

पण वर्षभर राहिल्यावर तुमची यादी बदलते, हे बघा. शोकेस म्हणून ठरवलेल्या कोपऱ्यात मुलगा अभ्यासाला बसायला लागतो. आईला बाथरूममध्ये हँडल हवं असतं, ते पॅकेजमध्ये नसतंच. बार काउंटरची गरज कुणालाच नसते. साडेसातची यादी कमी होते, आणि जे होतं ते वापरात येतं.

काम द्याल तेव्हाही धंदेवाल्यासारखं द्या. कोटेशनमध्ये प्लायची ग्रेड, जाडी, लॅमिनेट, चॅनेल, बिजागरी सगळं नावानिशी लिहून घ्या. माप कसं धरणार ते आधी ठरवा. पैसे झालेल्या कामाप्रमाणे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा टप्पा महिनाभर वापरून झाल्यावर. आणि हो, काम चोख असेल तर ठरलेल्या दिवशी पैसे द्या. सुतारही आपल्यासारखाच छोटा धंदेवाला आहे.

वास्तुशांतीला आलेले पाहुणे दोन तास थांबतात. "अजून फर्निचर नाही केलं?" असं विचारतीलही. हसून सांगा, "पाऊस बघतोय." दुकान भरलेलं असू दे, घर सावकाश भरेल.

या आठवड्याचं काम एकच. ताबा मिळाला असेल किंवा मिळणार असेल, तर दोषांची यादी करा आणि रविवारच्या आत ईमेल पाठवा. ॲडव्हान्स त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत.