वर्षातून दोन इंजेक्शनं, पण कुणासाठी?

'आरएनए' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी कोरोनाच्या काळात ऐकला. लशीबरोबर अफवाही आल्या. आता हेच आरएनए कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या उपचारांत येत आहे. उद्या मोबाइलवर व्हिडिओ फिरतील. कुणी चमत्कार म्हणेल, कुणी कारस्थान. त्याआधी आपण तरुणांनी हा विषय समजून घ्यायला हवा. औषध शोधणं हे शास्त्रज्ञांचं काम आहे, पण ते कुणाला मिळणार हा प्रश्न नागरिकांचा आहे.

आधी आजार. 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणजे पाच गोष्टींची टोळी: वाढलेला पोटाचा घेर, वाढलेला रक्तदाब, उपाशीपोटी जास्त साखर, रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी जास्त आणि 'चांगलं' कोलेस्टेरॉल कमी. पाचांपैकी तीन असल्या की निदान होतं. आपल्याकडे कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साधारण १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 'मी तर सडपातळ आहे' असं म्हणून सुटका नाही. भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षांपासून सांगत आले आहेत.

आता औषध. पेशीत प्रथिनं तयार होतात ती 'मेसेंजर आरएनए' नावाच्या निरोपावरून. नेमका एखादाच निरोप मधेच फाडता येतो, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवलं. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 'इन्क्लिसिरान' हे इंजेक्शन याच तत्त्वावर चालतं. यकृतातलं एक प्रथिन रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल पकडणाऱ्या हातांचा नाश करतं. इंजेक्शन त्या प्रथिनाचा निरोप थांबवतं, हात शाबूत राहतात आणि वाईट कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर येतं. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी एक. युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

दोन शंका हमखास विचारल्या जातील. यामुळे आपला डीएनए बदलतो का? नाही. ते निरोप फाडतं, मूळ पुस्तकाला हात लावत नाही. हे आरएनए प्राण्यांपासून काढतात का? नाही, ते रासायनिक प्रक्रियेने बनवतात. पण मर्यादाही सांगायला हवी. हे पाचही गोष्टींवरचं औषध नाही. मंजुरी मिळाली ती कोलेस्टेरॉल उतरतं या पुराव्यावर. हृदयविकाराचे झटके किती टळतात, हे मोजण्यासाठी वेगळ्या मोठ्या चाचण्या हाती घ्याव्या लागल्या.

हे इंजेक्शन भारतातही आलं आहे, पण एका डोसची किंमत लाखाच्या घरात. माझ्या हिंगणघाटात जिनिंगमध्ये राबणारा, ठेला लावणारा किंवा ऑटो चालवणारा माणूस ते कसं घेणार? 'गरिबांसाठी नाहीच ते' म्हणून मान खाली घालणं मला मान्य नाही. आपल्याच राज्याचा इतिहास वेगळं सांगतो. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला सुरू केली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सची औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी खर्चात देऊ केली. तोवर त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास लागत. २०१२ मध्ये भारत सरकारने कर्करोगाच्या एका औषधावर सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने मेसेंजर आरएनएवरची देशी लस तयार केली, तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे कायदा आहे, कौशल्य आहे. मागणी करणारे लोक हवेत.

पण महागड्या इंजेक्शनची वाट बघत बसणं हाही शहाणपणा नाही. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन या जुन्या, तपासलेल्या, स्वस्त गोळ्या आहेत. सरकारी केंद्रांत तिशीनंतर रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते. घरात मात्र अब्बूंची तपासणी होते आणि अम्मीची राहून जाते. त्या चक्कर आली तरी 'थकवा आहे' म्हणतात. रमजानमध्ये अनेक जण डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करतात. सेहरी आणि इफ्तारप्रमाणे वेळ बदलून देता येईल का, हे रमजानच्या आधीच विचारायला हवं. बहुतेक वेळा मार्ग निघतो.

या शहराने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी आंदोलन केलं. इमारतीसाठी रस्त्यावर येता येतं, तर गोळ्यांसाठीही बोलता आलं पाहिजे. म्हणून माझं सांगणं साधं आहे. या महिन्यात घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाची कंबर मोजा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, सुरुवात अम्मीपासून करा. आणि दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका: आपल्या उपजिल्हा रुग्णालयात गेल्या वर्षभरात मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि स्टॅटिन किती दिवस उपलब्ध नव्हत्या? ज्यांना आजची दोन रुपयांची गोळी नियमित मिळत नाही, त्यांच्यापर्यंत उद्याचं लाखाचं इंजेक्शन आपोआप येणार नाही.