गावचा केर आणि धानाची बांधी

गोंदिया परिसरातील धान पिकविणाऱ्या कुटुंबाच्या घरातून पूर्वी जो केर निघे, त्याला जाण्याची एक ठरलेली जागा असे. चुलीची राख, गुरांपुढून उरलेले तणीस, भाजीची देठे, अंगणातील पालापाचोळा आणि लग्नकार्यातील उष्ट्या पत्रावळी हे सारे उकिरड्यावर जाई व मृगापूर्वी बैलगाडीतून बांधीत पोहोचे. या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. उकिरडा उघडा राही, माश्यांची पैदास होई आणि पावसाच्या पाण्याबरोबर खतातील बरेचसे सत्त्व वाहून जाई. तथापि घराबाहेर पडलेली वस्तू अखेर जमिनीलाच परत मिळत असे, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

आज त्याच उकिरड्यावर शेणाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टने, शाम्पूच्या पुड्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि फुटकी काच पडलेली दिसते. शेतकरी हे खत निवडून न घेता बांधीत टाकतो. चिखलणीत प्लॅस्टिकचे तुकडे होतात, पण ते कुजत मात्र नाहीत. रोवणीस उतरणाऱ्या बायांच्या पायांत काच शिरते ती याच खतातून आलेली असते. तेव्हा केराचा प्रश्न हा केवळ रस्ता झाडण्याचा प्रश्न नसून शेतीचाही प्रश्न आहे, आणि म्हणूनच शेतीविषयक सल्ला देणाऱ्याने तो आपल्या कक्षेबाहेरचा मानू नये.

या भागात केराचा एक प्रकार विशेष आढळतो. तो म्हणजे खर्‍याची पन्नी. सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या कागदात बांधून घोटावयाचे, आणि खर्रा संपला की पन्नी पायाशी टाकावयाची, हा परिपाठ पूर्व विदर्भात इतका रुळला आहे की त्याकडे केर म्हणून कोणी पाहतही नाही. राज्यात गुटख्यावर 2012 साली बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर घोटला जातच राहिला. पन्नी हलकी असल्याने वाऱ्याने नालीत जाते व नाली तुंबवते. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात, आणि याच डासांपासून हत्तीपाय रोग पसरतो. हा रोग भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांना अपरिचित नाही. पावसाळ्यात नालीतील उरलेला केर बोडीत उतरतो. ज्या मालगुजारी तलावांवर व बोड्यांवर येथील धान पिढ्यान् पिढ्या पोसले गेले, त्यांच्या पाण्यात आज पन्न्या तरंगताना दिसाव्यात, हे खेदजनक आहे. खर्रा सोडणे हे सर्वांत उत्तम. परंतु तो न सोडणाऱ्यानेही निदान पन्नी खिशात ठेवावी, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

कायदा आहेच. महाराष्ट्र शासनाने 2018 च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलची ताटे यांवर बंदी घातली, आणि एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली. असे असूनही लग्नाच्या मांडवामागे दुसऱ्या दिवशी काय पडलेले असते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. ज्या जिल्ह्याच्या जंगलात पळस मुबलक आहे, तेथे जेवणावळीसाठी चकचकीत अस्तराच्या कागदी पत्रावळी शहरातून विकत आणाव्यात, हा व्यवहार उलटा होय. पळसाची पत्रावळ स्वस्त पडत नाही, ही तक्रार खरी आहे. पाने तोडणे, बांबूच्या काडीने टाचणे यास वेळ लागतो. पूर्वी ती स्वस्त वाटे, कारण ती टाचणाऱ्या बाईच्या श्रमाचे मोल कोणी धरीत नसे. आता महिला बचत गटास आगाऊ मागणी द्यावी व योग्य भाव द्यावा. लग्नाच्या एकूण खर्चात हा फरक कोणास जाणवण्याजोगा नाही. शिवाय जेवणानंतर ही पत्रावळ खताच्या टाकीत जाते. अस्तराची पत्रावळ धड जळतही नाही आणि कुजतही नाही. ज्या गावाजवळ सामाईक स्टीलची ताटे-वाट्या आहेत, त्या गावाला हाही प्रश्न उरत नाही.

संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झाले व त्याने पुष्कळ चांगले घडविले. परंतु समिती येण्याच्या आदल्या दिवशी गाव झाडावे, केर वेशीबाहेर नेऊन पेटवावा आणि समिती गेल्यावर पुन्हा जैसे थे व्हावे, असेही काही ठिकाणी घडले. गाडगेबाबा 1956 साली निवर्तले. ते हयातभर दिवसा गाव झाडीत व रात्री कीर्तन करीत. त्यांच्या खराट्याचा असा उपयोग त्यांना रुचला असता असे वाटत नाही. केर पेटविणे ही स्वच्छता नव्हे. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो, आणि पावसाळ्यात ओली लाकडे पेटवताना चुलीत पन्नी घालणाऱ्या गृहिणीच्या व तिच्या लेकरांच्या छातीत तोच धूर जातो.

शाळेच्या बाबतीत अधिक आशा धरता येते. शाळेत रोज पोषण आहार शिजतो. तांदूळ धुतलेले पाणी, भाजीची साले व ताटात उरलेले अन्न यांची तेथे नित्य भर पडते. परसबाग करण्यास यापेक्षा सोयीचे साधन कोणते? धुण्याचे पाणी वाफ्यांकडे वळवावे, सालांसाठी एका कोपऱ्यात खड्डा करावा, आणि त्यात काय गेले व तीन महिन्यांनी काय निघाले याची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवावी. ताटात अन्न का उरते हेही मुलांनाच मोजू द्यावे. पहिल्या वाढणीत थोडे व मागितल्यास पुन्हा, एवढ्या बदलाने नासाडी बरीच कमी होते. वर्ष संपल्यावर वह्यांची कोरी पाने काढून शिवावी, पुस्तके खालच्या वर्गास द्यावी. मात्र ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली बाजारातून नवा थर्माकोल व रंगीत कागद आणवून शोभेच्या वस्तू करवून घेण्याची प्रथा शिक्षकांनी बंद करावी. प्रदर्शन संपले की त्या वस्तूंचीही वाट केराकडेच असते. तसेच मुलांच्या हाती खराटा देताना तो मुलींच्याच हाती येणार नाही, याकडेही लक्ष असावे. घरी हे काम बाईचे मानले जाते. शाळेने तो समज पक्का करू नये.

घरच्या केराविषयी शेतकऱ्याची मुख्य अडचण अशी की ट्रॅक्टर आल्यापासून गोठा रिकामा झाला आणि शेण पुरेसे नाही. या अडचणीवर विदर्भातच उपाय निघालेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या नाडेप पद्धतीत सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी सच्छिद्र विटांची टाकी बांधतात. तिला काडीकचरा सुमारे चौदाशे ते पंधराशे किलो लागतो, पण शेण मात्र शंभर किलोच्या आसपास पुरते. बाकी चाळलेली माती व पाणी. थरांवर थर देऊन टाकी भरावी व वरून शेणमातीने लिंपावी. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपावा. भेगा पडल्यास बुजवाव्या व ओल टिकवावी. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. एका घरास टाकी मोठी वाटल्यास दोन-तीन घरांनी मिळून बांधण्यास हरकत नाही.

यंत्राने कापणी झालेल्या बांधीत जे तणीस पसरून राहते, ते पेटवून देण्याची सवय येथेही शिरू पाहत आहे. एक टन तणसात साधारण पाच ते आठ किलो नत्र व बारा ते सतरा किलो पालाश असते. जाळल्यास नत्र जवळजवळ सर्व नष्ट होते, आणि तेच नत्र शेतकरी पुढील हंगामात पोत्यातून विकत आणतो. टाकीत प्लॅस्टिक, काच वा कीडनाशकाचा डबा जाऊ देऊ नये, हे मात्र पथ्य कडक आहे. ते पाळावयाचे तर केर घराच्या दारातच वेगळा व्हावयास हवा. मिसळलेला केर पुढे निवडणे कोणास जमत नाही. कोरडा केर ग्रामपंचायतीने ठरलेल्या वारी गोळा करून भंगार घेणाऱ्यास द्यावा. तो वार चुकला की लोक पुन्हा पेटविण्याकडे वळतात, म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने नव्या कचरापेट्या मागण्याआधी हा वार सांभाळावा.

काळाच्या दृष्टीने गोंदिया जिल्ह्याला एक सोय आहे. मळणी आटोपते तेव्हा तणीस हाताशी असते, आणि त्यामागोमाग पानगळ सुरू होऊन पळस व सागाचा पाला मिळतो. जानेवारीच्या आत टाकी भरली, तर मे महिन्यात खत चाळून होते व मृगाच्या आधी बांधीत पडते.