पुढे न ओढता येणारा तोटा

व्यापारी घराला ‘हंगाम’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आंजी (मोठी) असो वा त्या परिसरातील दुसरे एखादे गाव, दुकानदार उधारी देतो ती कापूस आणि सोयाबीन यांच्याकडे पाहून. पेरणीच्या दिवसांत लिहिलेली रक्कम माल निघाल्यावर जमा होते, आणि पीक बुडाले की ती बाकी नव्या वहीत ओढली जाते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा विदर्भातील अनेक शेतकऱ्यांचा कापूस घरातच पडून होता. खरेदी थांबली, पुन्हा सुरू झाली आणि रेंगाळत पुढे चालली. मालाची प्रत उतरली, वजन घटले, भावात खोट खावी लागली. तरी कापूस विकला गेला, कारण तो साठवता येत होता.

त्याच वर्षी आणखी एक हंगाम बुडाला. तो होता शाळकरी मुलामुलींच्या क्रीडास्पर्धांचा. त्याची बाकी कोणत्याही वहीत ओढली गेली नाही.

महाराष्ट्रात शालेय क्रीडास्पर्धांची एक ठरलेली शिडी आहे. राज्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालये ही शिडी दरवर्षी उभी करतात. आंजीसारख्या गावातील शाळेचा संघ प्रथम वर्धा तालुक्याच्या स्पर्धेत उतरतो. तेथून तो जिल्ह्याला, जिल्ह्यातून नागपूर विभागाला, विभागातून राज्याला आणि राज्यातून राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जाऊ शकतो. गट तीन असतात : 14, 17 आणि 19 वर्षांखालील. हॉकीच्या नेहरू चषकात मुलांचा एक गट 15 वर्षांखालचा, तर मुलांचा आणि मुलींचा प्रत्येकी एक गट 17 वर्षांखालचा असतो. खेळ कोणताही असो, पहिली अट जन्मतारखेची असते. ती कागदावर एका ओळीत मावते आणि सारे हिशेब तिच्याशी येऊन थांबतात.

महासाथीच्या काळात नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून आणि पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून टप्प्याटप्प्याने भरू लागले, पुन्हा बंद झाले, पुन्हा उघडले. स्पर्धा मात्र भरल्या नाहीत. 65वी राष्ट्रीय शालेय स्पर्धा 2019-20 ची होती आणि 66वी 2022-23 ची. अनुक्रमांकात खंड दिसत नाही. पासष्टाच्या पुढे सहासष्ट येतात, नोंदवही सुसंगत वाटते. मधल्या दोन वर्षांत जी मुले त्या शिडीवर उभी राहावयाची होती, त्यांचा शोध अनुक्रमांकावरून लागत नाही. तो जन्मवर्षावरून घ्यावा लागतो.

2008 मध्ये जन्मलेल्या एका मुलाची कल्पना करावी. 2019-20 मध्ये तो अकरा वर्षांचा, संघाच्या कडेला उभा राहून मोठ्यांचे सामान सांभाळणारा. पुढील दोन वर्षे हीच त्याची 14 वर्षांखालील गटात प्रत्यक्ष खेळण्याची वर्षे. 2022-23 मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तो गट त्याला बंद झाला होता. एकही सामना न खेळता तो 17 वर्षांखालील गटात, आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलांसमोर उभा राहिला. आता 2004 मध्ये जन्मलेली एक मुलगी घ्यावी. मार्च 2020 मध्ये तिने दहावीची परीक्षा दिली. अकरावी आणि बारावी ही तिची 19 वर्षांखालील गटाची वर्षे. दोन्ही वर्षांत स्पर्धा झाली नाही आणि 2022 मध्ये बारावी होऊन ती शालेय शिडीवरून खाली उतरली. तिला कोणी हरवले नाही. तिला कोणी वगळलेही नाही. तिच्या वाट्याची पायरी त्या दोन वर्षांत ठेवलेलीच नव्हती.

येथे व्यापाऱ्याच्या हिशेबाशी तुलना करून पाहावी. नेहमीच्या व्यवसायातील तोटा, विवरणपत्र मुदतीत भरलेले असेल तर, पुढील 8 वर्षांपर्यंत ओढता येतो आणि येणाऱ्या नफ्यातून वळता करता येतो. कायद्याने हे मान्य केले आहे की धंद्याचे आयुष्य एका वर्षाचे नसते. मुलाच्या तेराव्या वर्षाला ही सवलत नाही. ते वर्ष ज्या दिवशी संपते त्या दिवशी त्याचे खाते बंद होते.

बुडालेल्या हंगामाचा तोटा पदकांत मोजला की तो फार लहान दिसतो, कारण पदक मिळवणारी मुले नेहमीच थोडी असतात. खरा तोटा निराळ्या खात्यात आहे. शाळेचा कबड्डीचा किंवा हॉकीचा संघ हा वारशाने चालतो. आठवीतला मुलगा सहावीतल्याला शिकवतो. पट्टी कशी बांधावी, पंचांशी कसे बोलावे, परगावी रात्र कशी काढावी, हरल्यावर बसमध्ये कसे बसावे, हे क्रीडाशिक्षकांपेक्षा मोठी मुलेच अधिक शिकवतात. एका वर्षाचा खंड ही साखळी सैल करतो आणि दोन वर्षांचा खंड ती तोडतो. 2022-23 मध्ये 14 वर्षांखालील संघात सर्वांत मोठी मुले 2009 ची होती. स्पर्धा थांबल्या तेव्हा ती पाचवी-सहावीत होती. शिक्षकांच्या हाती असा संघ आला की ज्यात स्पर्धा पाहिलेला जवळजवळ कोणीच नव्हता. शिकवावयास मुले होती, पण एकमेकांस शिकविणारी मुले उरली नव्हती.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. लहान गावात मुलीला परगावी खेळावयास पाठविण्याची परवानगी घरातून एकदाच मिळत नाही. बरोबर चारचौघी जातात, ओळखीच्या बाई असतात, मागच्या वर्षी सारे सुखरूप परतले होते, या आधारांवर ती दरवर्षी नव्याने मिळते. मागचे वर्षच नसेल तर हा आधार कोसळतो. ज्या बापाने 2019 मध्ये होकार दिला होता, त्याला 2022 मध्ये पुन्हा पहिल्यापासून समजवावे लागते, आणि तोवर मुलगी सोळा वर्षांची झालेली असते.

या हंगामावर काहींचा चरितार्थही चालतो. पंच, गुणलेखक, मानधनावरील प्रशिक्षक, गणवेश शिवणारा, गाडी भाड्याने देणारा, खेळसाहित्याचा दुकानदार, या सर्वांचा व्यवहार त्या चार-पाच महिन्यांत होतो. मेरठ आणि जालंधर येथून आलेला माल दुकानात पडून राहतो. हॉकीची काठी एखादे वर्ष थांबते. ज्या मुलासाठी लहान मापाचे बूट आणून ठेवले होते, त्याचा पाय मात्र थांबत नाही. साठा तसाच राहतो आणि गिऱ्हाईक मोठे होते.

जागतिक पातळीवर याच काळात तीन निर्णय झाले. ते शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हंगाम पुढे ढकलणे आणि रद्द करणे यांतील अंतर स्पष्ट होते.

पहिला टोकियो ऑलिंपिकचा. 2020 ची स्पर्धा एक वर्ष पुढे गेली. 5 ऑगस्ट 2021 रोजी भारतीय पुरुष हॉकी संघाने जर्मनीला 5-4 असे हरवून कांस्यपदक मिळविले. 1980 नंतर, म्हणजे 41 वर्षांनी, हॉकीत पदक आले. प्रौढ खेळाडूंना ते वर्ष जड गेले असेल, पण त्यांच्या हातून संधी गेली नाही, कारण तेथे वयाची कमाल मर्यादा नव्हती.

दुसरा निर्णय 17 वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा. ही स्पर्धा नोव्हेंबर 2020 मध्ये भारतात व्हावयाची होती आणि नवी मुंबई हे तिच्या केंद्रांपैकी एक होते. यजमान म्हणून भारतीय संघाला थेट प्रवेश होता. 2003 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली त्यासाठी शिबिरांत घाम गाळत होत्या. स्पर्धा आधी 2021 वर ढकलली गेली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये रद्दच झाली. भारताला त्याऐवजी 2022 चे यजमानपद मिळाले. ऑक्टोबर 2022 मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे सामने झालेही. देशाचे नुकसान भरून निघाले. पण आता अट 2005 मधील किंवा त्यानंतरच्या जन्माची होती. 2003 आणि 2004 च्या मुलींच्या नावे जमा झालेले काहीच नव्हते. जमा झाली ती दुसऱ्यांच्या खात्यात.

तिसरा निर्णय हॉकीचा आहे आणि तो सर्वांत बोलका आहे. मुलींचा कनिष्ठ विश्वचषक डिसेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे ठरला होता. विषाणूच्या नव्या प्रकारामुळे तो थांबला आणि 1 ते 12 एप्रिल 2022 या दिवसांत खेळविला गेला. स्पर्धेचे वर्ष बदलले तरी खेळाडूंच्या जन्मवर्षाची अट मूळचीच राहिली. भारताची लालरेमसियामी 30 मार्च 2000 ची. स्पर्धेच्या दोन दिवस आधी तिने बाविसावे वर्ष पूर्ण केले होते, तरी ती खेळली. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याची अक्षता ढेकळे त्या संघात होती. भारत चौथा आला. ज्या मुलींसाठी ती स्पर्धा मांडली होती त्याच मुली ती खेळल्या. एका तारखेला धक्का न लावल्याने एवढे साधले.

भरपाईच्या बाबतीतही असेच आहे. 1934-35 पासून चालत आलेली रणजी करंडक स्पर्धा दुसऱ्या महायुद्धातही थांबली नव्हती. ती 2020-21 मध्ये प्रथमच झाली नाही. पुढे क्रिकेट नियामक मंडळाने 2019-20 मध्ये खेळलेल्या खेळाडूंना सामन्यांच्या मानधनाच्या 50 टक्के अतिरिक्त रक्कम देण्याचे ठरविले. निर्णय उचित होता. परंतु भरपाई मागील वर्षाच्या नोंदीवर दिली जाते. ज्याचे पहिलेच वर्ष बुडाले त्याच्या नावे मागील नोंद नसते, आणि कनिष्ठ खेळाडूंत नेमके असेच अनेक जण असतात.

यावर उपाय नाही असे मानू नये. स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत राज्य शासनाने तो केला आहे. 1 मार्च 2020 ते 17 डिसेंबर 2021 या काळात वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारांना एक वाढीव संधी देण्यात आली. गेलेला काळ उमेदवाराच्या दोषाने गेलेला नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व होते. दहावी-बारावीतील खेळाडूंचे सवलतीचे गुण, शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे 5 टक्के समांतर आरक्षण, या साऱ्या गोष्टी विहित स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. स्पर्धाच झाली नाही तर प्रमाणपत्र कोठून येणार? म्हणून पुढे कधी, कोणत्याही कारणाने, हंगाम रद्द करावयाची वेळ आली तर वयाच्या तारखेचा विचार त्याच आदेशात व्हावयास हवा.

गावाच्या हातीही काही असते. राष्ट्रीय स्पर्धा गावाला भरविता येत नाही, परंतु शेजारच्या चार शाळांचे सामने भरविता येतात. त्यासाठी चुना, शिट्टी, एक जाणता पंच आणि दुपारच्या जेवणाची सोय एवढेच लागते. गावातील व्यापारी मंडळी एरवी मोठ्या स्पर्धेच्या ढालीसाठी देणगी देतात. मोठी स्पर्धा नसलेल्या वर्षी तीच रक्कम मैदान राखण्यासाठी आणि प्रशिक्षकाचे मानधन चालू ठेवण्यासाठी गेली, तर ती अधिक उपयोगी पडते. मंदीत दुकानदार मालाची खरेदी कमी करतो, पण विश्वासू मुनीमाला घरी बसवीत नाही. तेजी परतली की माल पंधरा दिवसांत येतो. जाणता माणूस येत नाही.

अखेरीस एक हिशेब घराघरांतील आहे. महासाथीने दोन हंगाम बुडविले, त्याचा दोष कोणालाही देता येणार नाही. परंतु दहावीचे वर्ष म्हणून, पाहुणे येणार म्हणून, दिवाळीत दुकानावर माणूस हवा म्हणून कितीतरी घरांत मुलांचा खेळाचा हंगाम दरवर्षी रद्द होतो. मुलीचा तर पुष्कळदा कारण न सांगताच. त्यासाठी कोणताही शासकीय आदेश निघत नाही. जेवताना उच्चारलेले एक वाक्य पुरते : ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी खेळ.’

त्या वाक्यातील पुढचे वर्ष बहुधा दुसऱ्या वयोगटात असते. ते उच्चारण्यापूर्वी वडिलांनी मुलाची जन्मतारीख एकदा आठवावी. उधारी देताना ते गिऱ्हाइकाची मुदत पाहतातच.